चौदाव्या कलमावरचा पांढरा रंग

सख्ख्या भावंडांनी एका ऑफिसात काम करू नये, आणि करायचंच झालं तर एकाने दुसऱ्याचा मालक होऊ नये. थोरला आणि धाकटी यांनी दोन्ही चुका केल्या होत्या आणि वर शेजारशेजारच्या टेबलांवर बसत होते. वेबसाइट बनवायची तीन खोल्यांची कंपनी. बाहेरच्या खोलीत फोन घेणाऱ्या बाई, मधल्या खोलीत ही दोघं, आणि आतल्या खोलीत बंद पडलेले मॉनिटर आणि कुणीही न विसळलेले कप. गेली दोन वर्षं भावाबहिणीत कामापलीकडे शब्द नव्हता, आणि कामाचा शब्दही तोंडाने निघत नव्हता. हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावरून थोरला चॅटवर लिहायचा, "पान तीन, मथळा मोठा झालाय." धाकटी लिहायची, "मथळा मोठाच असतो." मग दोघांचे कीबोर्ड असे आपटायचे की बाहेरच्या बाई उठून मधलं दार लोटून घ्यायच्या.

भांडणाचं मूळ घरात होतं. आई गेल्यावर थोरल्याने झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की बाबांना आता मी माझ्याकडे नेणार. सांगितलं तेवढंच, न्यायला काही तो आला नाही. वसाहतीतल्या दोन खोल्यांत बाबांपाशी राहिली ती धाकटी. नवऱ्याला सोडून ती अकरा वर्षांपूर्वी तिथे परत आली होती, आता त्रेचाळिशीची होती, आणि थोरल्याच्या मते तिथे फुकट राहत होती. धाकटीच्या मते थोरला महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि बाबांची तब्येत बाबांच्या देखत तिला विचारून निघून जायचा. दोघांचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे मिटायचा प्रश्नच नव्हता.

धाकटीचं काम म्हणजे मजकुराला कपडे घालणं. अख्ख्या पानाला नव्हे, ते थोरला करायचा. तिच्याकडे यायचे मजकुराचे तुकडे. कुठला शब्द ठळक, कुठली ओळ बारीक, कुठल्या वाक्यामागे पिवळा पट्टा. पानावर कुणी ओरडायचं आणि कुणी गप्प बसायचं हे ती ठरवायची, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा एक नियम होता आणि तो ती ऐकेल त्याला ऐकवायची. एचटीएमएल सांगतं की हा शब्द कोण आहे. सीएसएस सांगतं की तो दिसतो कसा. महत्त्वाचा शब्द असेल तर त्याला स्ट्राँग नावाच्या खुणेत ठेवा, लक्ष वेधायचं वाक्य असेल तर मार्क नावाच्या खुणेत ठेवा, मग हवा तो रंग द्या. नुसतं लाल दिसावं म्हणून उचललं आणि स्पॅनमध्ये कोंबलं, असं करू नका. स्पॅन म्हणजे लग्नघरी आलेला लांबचा पाहुणा, त्याचं स्वतःचं म्हणणं काही नसतं, जे घालायला द्याल ते घालून बसतो. थोरला सगळीकडे स्पॅनच वापरायचा, आणि त्यावरूनही दोघांची जुंपायची.

गृहमंडळाचं काम आलं तेव्हा मंडळाचे सचिव स्वतः ऑफिसात आले. चष्मा कपाळावर चढवून बोलणारे गृहस्थ, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याने पुढे झुकावं. वसाहतीचे काही नियम बदलले होते आणि नवी नियमावली वेबसाइटवर लावायची होती. वसाहत तीच, जिथे धाकटी आणि बाबा राहत होते आणि जिथे थोरला लहानाचा मोठा झाला. तीनशे वीस घरं, सगळी भाड्याची, मालकी मंडळाची. मंडळाच्या घटनेत एक अट होती. नियम बदलला तर बदललेला मजकूर खूण करून लोकांपुढे ठेवायचा, तीस दिवस ठेवायचा. तेवढ्यात पन्नास भाडेकरूंनी लेखी हरकत घेतली तर बदल रद्द, नाही घेतली तर लागू.

बदल चार होते. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायची वेळ, सायकली लावायची जागा, जिन्यातले दिवे, आणि चौदावं कलम. चौदाव्या कलमात आधी असं होतं की भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारा नवरा, बायको, मुलगा किंवा मुलगी यांना घर पुढे ठेवता येईल. नव्या मजकुरात नवरा किंवा बायको एवढंच उरलं होतं. मुलगा आणि मुलगी गाळली होती.

धाकटीने ते दोनदा वाचलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा ती ऑफिसात तोंडाने बोलली. "हे वाचलंस तू?"

थोरल्याने वाचलं होतं. त्याने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं की पहिल्या तीन बदलांना चांगला ठसठशीत पिवळा पट्टा हवा आहे आणि चौथ्याला जरा सौम्य. सौम्य म्हणजे किती, असं तिने विचारलं. न दिसण्याइतकं, तो म्हणाला. लोकांचा उगाच गैरसमज होतो, असं सचिवांचं म्हणणं होतं.

"घटनेत लिहिलंय खूण करायची," थोरला म्हणाला. "मार्क लाव, खूण झाली. ती डोळ्याला दिसली पाहिजे असं कुठे लिहिलंय? तूच सांगत असतेस ना जगाला, अर्थ वेगळा आणि रंग वेगळा."

तिच्याच काठीने तिला बडवायची ही त्याची जुनी खोड होती. लहानपणी भांडण झालं की तो तिचेच शब्द तिच्यापुढे ठेवायचा आणि आई हसायची. धाकटीने त्याला विचारलं की बाबा गेल्यावर मी कुठे जायचं. याचं उत्तर त्याने तयारच ठेवलं होतं. सचिवांशी बोलणं झालं होतं. तीस दिवस विनाहरकत पार पडले की धाकटीच्या नावाने वेगळं पत्र निघणार होतं, बाबांच्या पश्चात ते घर तिलाच राहील असं. एका घराचा अपवाद करायला मंडळाची काही हरकत नव्हती.

"तुझं घर तुझंच राहील," थोरला म्हणाला. "बाकीच्यांची काळजी करायला तू कोण लागून गेलीस?"

ती दुपारभर बसून राहिली. नाही म्हणावं तर नोकरी जाईल, हे काम दुसरा कुणी दहा मिनिटांत करेल, कलम लागू होईल आणि एक दिवस ती दोन पिशव्या घेऊन जिन्यात उभी असेल. हो म्हणावं तर दुसऱ्या मजल्यावरची नर्स उभी असेल, जी स्वतःच्या आईजवळ राहत होती, आणि तळमजल्यावरच्या शिंपिणीचा मुलगा, आणि आणखी कोण कोण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कुणी तिची बाजू घेऊन म्हणेल की बिचारीचा नाइलाज होता. नाइलाज वगैरे काही नव्हता. भीती होती, आणि आपलं घर वाचतंय तर वाचू दे असा सरळ साधा स्वार्थ होता. तिला ते स्वतःबद्दल कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण घर त्या लाजेपेक्षा मोठं होतं.

काम दोन ओळींचं. मार्कला ब्राउझर आपणहून पिवळा रंग देतो, तेव्हा तीन मार्क तिने तसेच सोडले. चौथ्याला एक वेगळा वर्ग, म्हणजे रंगरूपाची वेगळी चिठ्ठी दिली, तिचं नाव ठेवलं 'शांत', आणि त्या वर्गाला लिहून टाकलं की पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं इतर मजकुरासारखी काळी. पांढऱ्या पानावर पांढरा पट्टा. पानाच्या डोक्यावर, सचिवांनी दिल्याप्रमाणे, ठळक ओळ घातली: बदललेला मजकूर पिवळ्या खुणेने दाखवला आहे. तिने आपल्या मशीनवर पाहिलं, थोरल्याने आपल्या, सचिवांनी आपल्या फोनवर. तिघांनाही तीन पट्टे दिसले. सचिवांनी "छान" असं लिहून पाठवलं.

एक तपासणी राहिली. ज्यांना अंधुक दिसतं अशी माणसं कॉम्प्युटर वेगळ्या तऱ्हेने लावून घेतात. स्क्रीन काळी, अक्षरं पांढरी आणि मोठी. असं लावलं की ब्राउझर पानाने दिलेले रंग फेकून देतो आणि स्वतःचे लावतो. पूर्वी प्रत्येक पान धाकटी त्या तऱ्हेनेही पाहायची. तीन वर्षांपूर्वी थोरल्याने ते बंद केलं, असली माणसं असून असून किती असणार म्हणाला. तेव्हा ती कडाकडा भांडली होती आणि मग सवयीने विसरली होती. गंमत अशी, की तसा लावलेला एक कॉम्प्युटर तिच्याच घरात होता आणि तो तिनेच लावून दिला होता.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस. निवृत्त झाल्यावर तो सगळा गुण घरच्यांच्या वाट्याला आला. आता त्यांना समोरचं दिसत नव्हतं, कडेचं तेवढं दिसायचं, म्हणून मान वाकडी करून, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायचे. काळ्या स्क्रीनवर बोटाएवढी अक्षरं लावून एकेका पानाला अख्खी सकाळ घालवायचे, पण सोडायचे नाहीत. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीही वाचायचे आणि कंपनीला पत्र पाठवायचे की चौथ्या ओळीत स्वल्पविराम जास्त आहे. कुणाचंही लिहिलेलं त्यांना पूर्ण बरोबर वाटत नसे, आणि मंडळाचं तर नाहीच नाही.

नवव्या दिवशी सकाळी धाकटी ऑफिसला निघताना त्यांनी तिला हाक मारली. "बारके, इकडे ये. हे वाच."

ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. काळी स्क्रीन, आणि तिच्यावर चार पिवळे पट्टे. चौथा चौदाव्या कलमावर होता, शांत वगैरे काही नाही, चांगला लख्ख. तिला तिथल्या तिथे कळलं काय झालं ते. ब्राउझरने तिचा पांढरा रंग पुसला होता आणि मार्कचा म्हणून जो पिवळा त्याला ठाऊक होता तो जागेवर आणून ठेवला होता. अंधुक दिसणाऱ्या माणसासाठी केलेली सोय, आणि बरोबर तिच्याच बापापुढे.

बाबांनी कलम मोठ्याने वाचून दाखवलं. त्यातून मुलगी कुठे गेली, असं विचारलं. धाकटी परत आली तेव्हा त्यांनी ते कलम मंडळाच्या कचेरीत जाऊन दोनदा वाचून घेतलं होतं, तिच्यासाठीच. त्यातला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता.

"तुमच्या मशीनचं काहीतरी बिघडलं असेल," धाकटी म्हणाली. "बाकी कुणाला असं पिवळं दिसत नाही."

बाबांनी मान वाकडी केली आणि ज्या कोपऱ्यातून दिसायचं त्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. बाकीच्यांना कसं दिसतं हे तुला काय ठाऊक, असं त्यांनी विचारलं. ऑफिसात पाहिलं, ती म्हणाली. "बरं," ते म्हणाले. बाबांचं 'बरं' म्हणजे चूक सापडली, आता कुणाची ते पाहू. धाकटीला हे माहीत होतं आणि तरी ती चप्पल घालून निघून गेली.

त्या दिवसापासून बाबा काठी आणि कागदांचा गठ्ठा घेऊन घरोघर फिरू लागले. जिने चढताना दर चार पायऱ्यांवर थांबायचे. दार उघडलं की सांगायचे, चौदावं कलम बदललंय, तुमच्या मुलांना घर राहणार नाही, हरकतीवर सही करा. लोक फोन काढायचे आणि पान उघडायचे. डब्यांवर पिवळं, सायकलींवर पिवळं, दिव्यांवर पिवळं, चौदाव्या कलमावर काही नाही. आणि पानाच्या डोक्यावर स्वच्छ लिहिलेलं, की बदललेलं ते पिवळं. पिवळं नाही म्हणजे बदललं नाही, मग वाचायचं कशाला? तिसऱ्या मजल्यावरच्या ट्रक ड्रायव्हरने तर तोंडावर सांगितलं की आजोबा, आमचे डोळे अजून शाबूत आहेत. दोन आठवड्यांत बाबांना चार सह्या मिळाल्या. त्यांतल्या दोन कीव येऊन दिलेल्या होत्या आणि एक कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याची होती, ज्याला वाटलं की हरकत जिन्यातल्या दिव्यांबद्दल आहे.

सचिवांचा फोन थोरल्याला आला. थोरल्याने चॅटवर लिहिलं, "त्यांना आवर." धाकटीने लिहिलं, "ते माझं ऐकत नाहीत." "मग कुणाचं ऐकतात?" "कुणाचंच नाही. तुला माहीत आहे."

धाकटीला आता बाबांचा राग येऊ लागला होता, आणि तो वरवरचा नव्हता. हा म्हातारा तिच्यासाठी वणवण करत होता आणि तिचंच घर घालवत होता. स्वस्थ बसले असते तर तीस दिवस निघून गेले असते, पत्र आलं असतं, तिला शेवटपर्यंत छप्पर मिळालं असतं. हे त्यांना सांगायची सोय नव्हती. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवायची, बाबा आज कुणी कसा दरवाजा लावून घेतला ते सांगायचे, आणि ती भांड्यांचा आवाज करायची. दोनदा तिने ऑफिसात ती फाइल उघडली. 'शांत' खोडायचं, बस, एवढंच होतं. दोन्ही वेळा थोरल्याची खुर्ची करकरली आणि तिने फाइल बंद केली.

सव्विसाव्या दिवशी रविवार होता. बाबा सकाळीच खाली जाऊन इमारतीच्या दाराशी, पत्रपेट्यांपाशी, स्टूल टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठायला तीच जागा बरी होती. दहाच्या सुमारास थोरला आला. घरी नाही, सरळ तिथेच आला, आणि काखेत लॅपटॉप. वीस-पंचवीस माणसं जमली होती. शिंपिणीने नुकतंच पेन हातात घेतलं होतं. थोरल्याने लॅपटॉप पत्रपेट्यांवर ठेवला, पान उघडलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. बघा म्हणाला, चौदाव्या कलमावर काही दिसतंय का. कुणालाच काही दिसलं नाही. मग त्याने आवाज खाली आणला, अगदी सचिवांसारखा.

"डॉक्टरांनीच सांगितलंय," तो म्हणाला, "अशा डोळ्यांना नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. बाबांचा दोष नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

लोकांना हायसं वाटलं. कुणीतरी हसलं, मग दोघंतिघं हसले. शिंपिणीने पेन खाली ठेवलं. बाबांनी स्टुलावर बसल्याबसल्या कागदांचा गठ्ठा गुडघ्यांवर दाबून धरला. आयुष्यभर ज्यांच्या नजरेतून एक काना सुटला नाही, त्यांच्या नजरेचं त्यांचा मुलगा चारचौघांत हसं करत होता.

"बारकीला बोलवा," बाबा म्हणाले.

नर्सने वर जाऊन तिला आणलं. धाकटी ओल्या हातांनीच आली. ती दिसताच बाबांनी काठी जमिनीवर आपटली आणि लोकांना सांगितलं की कुठल्या वाक्याला कुठला रंग हे ठरवायचं हिचं काम आहे, मंडळाचं पान हिच्याच हातचं आहे, तेव्हा मला नका विचारू, हिला विचारा. मग त्यांनी मान वाकडी केली.

"चौदाव्या कलमावर पिवळं आहे की नाही?"

त्या क्षणी धाकटीला समजलं की हे तिनेच केलंय हे बाबांना ठाऊक होतं. नवव्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी सगळी वसाहत पालथी घातली होती आणि तिला शेवटच्यासाठी राखून ठेवलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरला जवळ उभा होता, त्याचा राग तर जुनाच होता, पण हा बापही काही कमी नव्हता. घरातली गोष्ट त्याने हात धरून चव्हाट्यावर आणली होती.

"नाही म्हण आणि संपव," थोरला तिच्या कानाशी म्हणाला. "पत्राचं लक्षात आहे ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. एक शब्द, बाबा कायमचे भ्रमिष्ट ठरले असते, आणि घर तिचं. तिने बाबांकडे पाहिलं. ते मान वाकडी करून तसेच बसले होते, सगळं तोंड दुसरीकडे आणि एक डोळा तिच्यावर. आसपासची माणसं अजून हसू दाबत होती. ती हसतायत याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. ज्या माणसाने पानावरचं खरं वाचलं तो एकटाच होता, आणि पांढऱ्यावर पांढरं पाहून ही माणसं त्याला हसत होती.

ती लॅपटॉपपाशी गेली आणि तीन बटणं एकदम दाबली. मशीनने खात्री करून घ्यायला विचारलं, तिने हो म्हटलं. स्क्रीन काळी झाली, अक्षरं पांढरी झाली आणि पानावर चार पिवळे पट्टे उभे राहिले. थोरल्याने आणलेला थोरल्याचाच लॅपटॉप. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"पिवळं आहे," धाकटी म्हणाली. "तुम्हाला दिसत नव्हतं, कारण मी त्याच्यावर पांढरं लावलं. याने सांगितलं आणि मी लावलं."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग नर्स पुढे झाली आणि चौदावं कलम तिने सावकाश, मोठ्याने वाचलं. नवरा किंवा बायको. पुढे काय, असं ड्रायव्हरने विचारलं. पुढे काही नाही, नर्स म्हणाली, आणि तिने वळून आपल्या आईच्या खिडकीकडे पाहिलं. तिथून गलका सुरू झाला. थोरल्याने लॅपटॉप इतक्या जोराने मिटला की धाकटीची बोटं थोडक्यात वाचली. उद्यापासून ऑफिसात यायचं नाही, तो म्हणाला, आणि घराचं पत्रही विसर. हे तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि पत्र कसलं हे मग सगळ्यांनी विचारलं. धाकटीने तेही सांगितलं. तोवर थोरला गाडीपाशी पोचला होता.

कुणी तिचे आभार मानतील अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि कुणी मानले नाहीत. अकरा वर्षं रोज जिन्यात भेटतेस, शिंपीण म्हणाली, सकाळी तर माझ्या पोराला हसून हाक मारलीस. कुंपणच शेत खातंय, मागून कुणीतरी म्हणालं. ड्रायव्हर बाबांची माफी मागायला पुढे झाला तर बाबांनी त्याच्या हातात पेन दिलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं. धाकटी जिना चढून वर गेली. खालचे आवाज दुपारपर्यंत येत होते.

बाबा वर आले तेव्हा दीड वाजला होता. एकसष्ट सह्या झाल्या होत्या. बदल रद्द, चौदावं कलम होतं तसं राहणार. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, त्याच्यावर हात फिरवून कडा सारख्या केल्या आणि खुर्चीत बसले. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुम्हाला त्या सकाळपासूनच माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग घरात का नाही विचारलंत? सगळ्या वसाहतीपुढे माझी अब्रू काढायची काय गरज होती?"

"घरात विचारलं होतं," बाबा म्हणाले. "मशीन बिघडलंय म्हणालीस."

बाबा किती थकले आहेत हे तिला तेव्हा दिसलं, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावं असं फार वाटलं, पण त्यांनी खुर्ची स्क्रीनकडे वळवली होती. उद्यापासून दुसरी जागा बघते, असं ती त्यांच्या पाठीला म्हणाली.

"कशाला?" बाबांनी मान वळवली नाही. "राहा. कलमात सोबत राहणारी मुलगी एवढंच लिहिलंय. तिच्याशी बोललं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही."

मग त्यांनी मान वाकडी केली आणि सकाळी जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाचायला लागले. धाकटीने त्यांचं ताट वाढून आणून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते न बघता जवळ ओढलं.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि म्हटल्याप्रमाणे वागले. घर आता धाकटीच्या नावावर आहे.